निर्णय कोणी घ्यावा? माणूस आणि संगणक यांच्यातील कामाची वाटणी

संगणक आपल्या कचेऱ्यांत प्रथम आला तो हिशेब ठेवण्यासाठी. खातेवह्या, पावत्या, नोंदवह्या यांचे ओझे त्याने उचलले आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढे तो सल्ला देऊ लागला आणि आता कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष निर्णयात सहभागी झाला आहे. बँकेत कर्ज मागावयास गेलेल्या माणसाचा ३०० ते ९०० या मोजपट्टीवरील पतगुणांक संगणकाच्या सूत्राने निघतो. रुग्णालयात छातीचे छायाचित्र डॉक्टरांच्या आधी यंत्राने पाहिलेले असू शकते. विमान आकाशात असताना बहुतांश काळ ते स्वयंचलित यंत्रणेच्या हाती असते. अशा वेळी 'माणूस श्रेष्ठ की यंत्र श्रेष्ठ' हा वादविवाद स्पर्धेचा विषय आपल्या फारसा उपयोगाचा नाही. निर्णयाचा कोणता भाग यंत्राकडे सोपवावा, कोणता माणसाने आपल्याकडे ठेवावा आणि दोघांत मतभेद झाल्यास कोणाचे ऐकावे, हे ठरविणे आता आवश्यक झाले आहे. या विषयाची थोडी सविस्तर ओळख आम्ही वाचकांना करून देऊ इच्छितो.

दोन रात्री, दोन निष्कर्ष

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. मॉस्कोजवळच्या एका भूमिगत केंद्रात सोव्हिएत सैन्यातील लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव कामावर होते. अमेरिकेतून अण्वस्त्रे सुटल्यास उपग्रहांच्या साहाय्याने तत्काळ सूचना देणारी संगणकीय यंत्रणा त्यांच्या देखरेखीखाली होती. मध्यरात्रीनंतर यंत्रणेने इशारा दिला, की एक क्षेपणास्त्र सुटले आहे. पाठोपाठ आणखी चार सुटल्याचे तिने दाखविले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान पाडले होते व त्यात २६९ जणांचा मृत्यू झाला होता. दोन महासत्तांमधील तणाव शिगेला पोहोचला होता. इशारा खरा मानून वर कळविणे हे पेत्रोव यांचे नेमून दिलेले काम होते. त्यांनी मात्र तो खोटा असल्याचे कळविले. त्यांचा विचार साधा होता. अमेरिका युद्ध सुरू करणार असेल तर ती केवळ पाच क्षेपणास्त्रांनी करणार नाही. शिवाय जमिनीवरील रडारवर काहीच दिसत नव्हते. पुढे चौकशीत आढळले, की उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रहाने क्षेपणास्त्राची ज्योत समजले होते. त्या रात्री माणसाने यंत्राचे ऐकले नाही म्हणून जग एका मोठ्या संकटातून वाचले.

आता दुसरी रात्र पाहू. १ जुलै २००२ रोजी जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील बोडन सरोवराच्या परिसरात, युबरलिंगेन या गावाजवळ, दोन विमाने एकाच उंचीवरून एकमेकांच्या दिशेने येत होती. एक रशियन प्रवासी विमान मॉस्कोहून बार्सिलोनाला निघाले होते. त्यातील बहुतेक प्रवासी सुटीसाठी निघालेली मुले होती. दुसरे मालवाहू विमान होते व त्यात केवळ दोन वैमानिक होते. दोन्ही विमानांत टक्कर टाळण्यासाठी 'टीकॅस' नावाची यंत्रणा बसविलेली होती. ही यंत्रणा समोरच्या विमानातील तशाच यंत्रणेशी आपसांत बोलते आणि एका वैमानिकाला वर जाण्यास, दुसऱ्याला खाली जाण्यास सांगते. त्या रात्री तिने रशियन वैमानिकांना वर जाण्याची व मालवाहू विमानाला खाली जाण्याची अचूक सूचना दिली. परंतु त्याच्या काही क्षण आधीच झुरिचच्या नियंत्रण कक्षातील माणसाने रशियन वैमानिकांना खाली येण्यास सांगितले होते. तो नियंत्रक एकटाच दोन पडद्यांसमोर काम करीत होता. दुरुस्तीच्या कामामुळे त्याची मुख्य यंत्रणा व दूरध्वनी पूर्ण क्षमतेने चालत नव्हते. रशियन वैमानिकांनी माणसाचे ऐकले. मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी यंत्राचे ऐकले. दोन्ही विमाने खाली आली आणि एकमेकांवर आदळली. ७१ जण मृत्युमुखी पडले.

पहिल्या घटनेवरून कोणी 'अंतिम शब्द नेहमी माणसाचाच असावा' असा नियम काढला, तर दुसरी घटना तो नियम मोडून काढते. दुसरीवरून कोणी 'यंत्रावर विश्वास ठेवा' असे म्हटले, तर पहिली घटना त्याचे तोंड बंद करते. या दोन रात्रींतील खरा फरक शोधला पाहिजे. पेत्रोव यांच्याजवळ यंत्राला नसलेले ज्ञान होते. युद्ध कसे सुरू होते, शत्रू कसा विचार करतो, नव्या यंत्रणेत दोष कसे राहतात, हे ते जाणत होते. विचार करण्यासाठी त्यांना काही मिनिटेही मिळाली. युबरलिंगेन येथे परिस्थिती उलट होती. दोन्ही विमानांची नेमकी स्थिती यंत्रालाच अधिक अचूक माहीत होती आणि अवधी सेकंदांचा होता. नियंत्रकाला विमानातील यंत्राने काय सांगितले आहे याची कल्पनाच नव्हती.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मतभेद झाल्यास कोणाचे ऐकावे याविषयी तोवर वैमानिकांच्या पुस्तिकांत पुरेशी स्पष्टता नव्हती. अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियमात ती आणली गेली. टीकॅसची सूचना व नियंत्रकाची आज्ञा यांत विरोध असेल तर वैमानिकाने टीकॅसचे ऐकावे, असे निःसंदिग्ध शब्दांत ठरले. भारताला या विषयाचे महत्त्व त्याआधीच कळले होते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी व कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला, तेव्हा त्या विमानांत अशी यंत्रणा नव्हती. त्यानंतर आपल्या देशाने ती सक्तीची केली. चरखी दादरीने यंत्राची गरज दाखवून दिली आणि युबरलिंगेनने नियमाची. यंत्र बसविणे हे अर्धेच काम असते. यंत्राचा व माणसाचा अधिकार आधीच ठरवून ठेवणे हे उरलेले अर्धे काम होय.

कोण कशात सरस?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ साली एक छोटे पुस्तक लिहून आपल्या व्यवसायबंधूंना अस्वस्थ केले. कोणता रुग्ण बरा होईल, कोणता विद्यार्थी यशस्वी ठरेल, कोणता कैदी सुटकेनंतर पुन्हा गुन्हा करील, अशा प्रश्नांवर अनुभवी तज्ज्ञाचा अंदाज आणि साध्या आकडेमोडीचा अंदाज यांची त्यांनी तुलना केली. बहुतेक अभ्यासांत आकडेमोड तज्ज्ञाच्या बरोबरीची किंवा त्याहून सरस ठरली होती.

१९७२ साली इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डोंबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटात अचानक तीव्र वेदना होऊ लागलेल्या ३०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपेंडिक्स, पित्ताशय, जठरातील व्रण यांपैकी नेमके दुखणे कोणते, हे संगणकाने ९१.८ टक्के रुग्णांत अचूक सांगितले, तर सर्वांत अनुभवी डॉक्टरांनी ७९.६ टक्के रुग्णांत. आजच्या मानाने तो संगणक अगदीच सामान्य होता. त्याचे बळ बुद्धीत नव्हते, सातत्यात होते. प्रत्येक रुग्णाची माहिती तो त्याच पद्धतीने तपासीत असे. तो थकत नसे, आदल्या रुग्णाचा परिणाम त्याच्यावर होत नसे आणि दहा लक्षणांपैकी तिसरे तो विसरत नसे.

याच मील यांनी दुसरी बाजूही सांगितली. समजा, एक प्राध्यापक दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी चित्रपटास जातात. सूत्र सांगते, की आजही जातील. परंतु आज त्यांचा पाय मोडला आहे. हे पाहणारा माणूस सूत्र बाजूला ठेवतो आणि त्याचेच बरोबर असते. सूत्र ज्या माहितीवर रचले गेले तिच्यात मोडलेल्या पायाची नोंद नव्हती. पेत्रोव यांनी त्या रात्री जे केले ते याच जातीचे होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. माणसाला मोडलेले पाय फार सहज दिसू लागतात. 'हे प्रकरण वेगळे आहे', 'या माणसाचा चेहराच सांगतो', 'आमचा अनुभव निराळा आहे' असे म्हणून आपण सूत्र वारंवार बाजूला ठेवतो आणि अनेकदा चुकतो. आपला अपवाद खरा आहे की आपल्या आवडीनिवडीने निर्माण केलेला आहे, याची तपासणी माणसानेही केली पाहिजे.

अधिकाराची शिडी

कामाची वाटणी करावयाची म्हणजे काय करावयाचे? थॉमस शेरिडन व विल्यम व्हरप्लँक या दोन अभियंत्यांनी १९७८ साली या प्रश्नाचे उत्तर एका शिडीच्या रूपाने मांडले. तिला दहा पायऱ्या आहेत. समजण्यास सोपे जावे म्हणून आम्ही त्या थोडक्यात सांगतो. सर्वांत खालच्या पायरीवर संगणकाचा काहीही सहभाग नसतो, सर्व काही माणूस करतो. वर चढत गेल्यावर संगणक अनेक पर्याय पुढे ठेवतो. मग तो त्यांतील मोजके निवडून देतो. त्यानंतरच्या पायरीवर एकच पर्याय सुचवितो. पुढे तो माणसाने होकार दिल्यास काम पार पाडतो. त्याही पुढे माणसाने ठरावीक वेळेत नकार न दिल्यास काम पार पाडतो. मग काम आधी करतो व नंतर कळवितो. त्यानंतर विचारल्यासच कळवितो. अखेरच्या पायरीवर तो माणसाची दखलच घेत नाही.

'होकार दिल्यास' आणि 'नकार न दिल्यास' या दोन शब्दप्रयोगांतील अंतर कागदावर लहान दिसते, व्यवहारात मात्र ते फार मोठे आहे. एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन बंद करण्याची शिफारस संगणकाने केली आणि कारकुनाने कागद पाहून होकार देईपर्यंत वेतन चालू राहिले, तर चूक पकडली जाण्याची संधी राहते. कोणी हरकत न घेतल्यास सात दिवसांत वेतन आपोआप बंद होणार असेल, तर कारकुनाची रजा, कामाचा ताण किंवा आळस हाच त्या वृद्धेचा न्यायनिवाडा होऊन बसतो.

२००० साली शेरिडन यांनी राजा परशुरामन व ख्रिस्तोफर विकेन्स यांच्यासमवेत या मांडणीत मोलाची भर घातली. प्रत्येक निर्णयात माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, पर्याय निवडणे व कृती करणे असे चार टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर संगणकाला शिडीची वेगवेगळी पायरी देता येते. रुग्णाची माहिती संगणकाने पूर्णपणे गोळा करावी, तिचा अर्थ लावण्यास साहाय्य करावे, परंतु शस्त्रक्रिया करावी की नाही हे डॉक्टर व रुग्ण यांनी ठरवावे, अशी वाटणी शक्य आहे. संपूर्ण निर्णय एकाच्या हाती देण्याची गरज नसते.

नावापुरता माणूस

'आमच्या व्यवस्थेत अंतिम निर्णय माणूसच घेतो' असे आश्वासन हल्ली सर्वत्र ऐकू येते. ते पुरेसे आहे का? ब्रिटिश संशोधिका लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ साली यातील एक विसंगती दाखवून दिली. यंत्र जितके अधिक काम करते तितका माणसाचा सराव कमी होतो. यंत्र ज्या क्षणी हात वर करते तो क्षण मात्र सर्वांत कठीण असतो. म्हणजे सोपे काम यंत्राने करावयाचे आणि सर्वांत अवघड काम सराव सुटलेल्या माणसाच्या हाती एकाएकी द्यावयाचे, असे घडते.

१ जून २००९ रोजी रिओ द जानिरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात हेच घडले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, वेगाचे आकडे अविश्वसनीय झाले आणि स्वयंचलित यंत्रणेने रात्रीच्या वादळी आकाशात विमान वैमानिकांच्या हाती सोपविले. विमानात मोठा बिघाड नव्हता. वेगाचे आकडेही सुमारे मिनिटभरात पूर्ववत झाले. परंतु गोंधळलेल्या वैमानिकाने विमानाचे नाक वर उचलून धरले, पंखांना हवेचा आधार मिळेनासा झाला आणि सव्वाचार मिनिटांहून थोड्या अधिक काळात विमान अटलांटिक महासागरात कोसळले. २२८ जणांचा अंत झाला. माणूस तेथे उपस्थित होता, त्याचा अधिकारही पूर्ण होता, परंतु यंत्र काय करीत होते आणि आता आपण काय करावयाचे आहे, हे त्याला त्या क्षणी उमगले नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे माणसाला यंत्राविषयी अंधारात ठेवणे. बोइंग ७३७ मॅक्स विमानांत नाक आपोआप खाली दाबणारी एक आज्ञावली बसविलेली होती. ती एकाच संवेदकाच्या माहितीवर चालत असे आणि वैमानिकांच्या मूळ पुस्तिकेत तिचे वर्णन नव्हते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात व १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात अशी दोन विमाने कोसळली. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ जण दगावले. ज्या सहकाऱ्याचे अस्तित्वच ठाऊक नाही त्याच्याबरोबर कामाची वाटणी होऊ शकत नाही.

संगणकाची साक्ष

विमान अपघात सर्वांना दिसतो. कचेरीतील अपघात दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे चालू राहतो. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकीय यंत्रणा आली. टपाल कचेऱ्या चालविणाऱ्या लोकांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. 'आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्रात दोष आहे' असे ते सांगत राहिले. कोणी ऐकले नाही. इंग्लंडच्या कायद्यात त्या सुमारास असे गृहीतक रूढ झाले होते, की उलट पुरावा नसल्यास संगणक योग्य रीतीने चालत होता असे मानावे. आता संगणक बिघडला होता याचा पुरावा गावातील टपाल कचेरी चालविणारा माणूस आणणार कोठून? १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांवर गुन्हे शाबीत झाले. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे गेली, काहींनी आत्महत्या केल्या. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष होते हे मान्य केले आणि २०२४ साली ब्रिटिश संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या साहाय्याची छाननी करताना कर खात्याच्या यंत्रणेने हजारो कुटुंबांवर लबाडीचा संशय घेतला. नागरिकत्वाची माहितीही तेथे संशयाचे कारण ठरली होती. कुटुंबांकडून मोठ्या रकमा परत मागण्यात आल्या आणि अनेक संसार उद्ध्वस्त झाले. या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये तेथील संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

या दोन्ही देशांत माणसे जागेवर होती. अधिकारी होते, वकील होते, न्यायाधीश होते. तरीही पडद्यावरील आकड्याला आव्हान देण्याची सोय नव्हती आणि तशी इच्छाही नव्हती. सामान्य माणसाचे म्हणणे व संगणकाचा आकडा यांत तफावत आली, की माणूसच खोटा ठरत होता. आपल्याकडेही 'सिस्टीममध्ये असेच दाखवते आहे' हे वाक्य खिडकीपलीकडून ऐकले नाही असा मनुष्य विरळा. त्या वाक्याने संभाषण संपते. खरे तर तेथून चौकशीला आरंभ व्हावयास हवा.

वाटणी साधली तर

योग्य वाटणी केल्यास लाभ किती होतो याचे एक चांगले उदाहरण स्वीडनमध्ये आहे. स्तनांच्या कर्करोगाचे लवकर निदान व्हावे म्हणून तेथे स्त्रियांची मॅमोग्राफी केली जाते आणि प्रत्येक छायाचित्र दोन तज्ज्ञ डॉक्टर स्वतंत्रपणे पाहतात. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात ८०,००० हून अधिक स्त्रियांचा एका चाचणीत समावेश करण्यात आला व त्यांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटात जुनी पद्धत चालू राहिली. दुसऱ्या गटात संगणकाने प्रत्येक छायाचित्राला १ ते १० असा धोक्याचा गुणांक दिला. १० गुणांक आल्यास दोन डॉक्टरांनी व त्याहून कमी आल्यास एका डॉक्टराने छायाचित्र पाहिले. संशयास्पद जागा संगणक दाखवीत असे, परंतु स्त्रीला पुढील तपासणीसाठी बोलवावे की नाही हे डॉक्टरच ठरवीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकाच्या गटात २४४ व जुन्या पद्धतीच्या गटात २०३ स्त्रियांत कर्करोग आढळला. छायाचित्रे पाहण्याचे डॉक्टरांचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. येथे संगणकाने डॉक्टरांची जागा घेतली नाही. कोणत्या छायाचित्राला अधिक डोळे हवेत, एवढेच त्याने सांगितले.

तथापि दोघांना एकत्र बसविले की निर्णय आपोआप सुधारतो, असे समजणे चुकीचे ठरेल. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १०६ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासण्यात आले. सरासरी पाहता माणूस व यंत्र यांची जोडी त्या दोघांपैकी जो सरस होता त्याच्या एकट्याच्या कामगिरीपेक्षा कमी पडली. निर्णय घेण्याच्या कामांत हा तोटा विशेष दिसला. ज्या कामात माणूस मुळात यंत्राहून सरस होता तेथे मात्र जोडीचा फायदा झाला. याचे कारण समजण्यासारखे आहे. यंत्रावर केव्हा विसंबावे व केव्हा विसंबू नये, हे ओळखण्यासाठी त्या कामाचे ज्ञान स्वतःजवळ असावे लागते. ते नसलेला माणूस यंत्र बरोबर असताना शंका घेतो आणि चूक असताना मान डोलावतो.

निवड आणि निर्णय

१४ जून २०२४ रोजी इटलीत जी-सात राष्ट्रांच्या प्रमुखांपुढे बोलताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी एक उपयुक्त भेद स्पष्ट केला. यंत्र अनेक शक्यतांमधून एकीची तांत्रिक निवड करते, ती ठरवून दिलेल्या निकषांवर किंवा आकडेवारीवर आधारलेली असते. माणूस निवड तर करतोच, पण अंतःकरणातून निर्णयही घेऊ शकतो. म्हणून यंत्राच्या निवडीवर माणसाचे खरेखुरे नियंत्रण राहील अशी जागा राखून ठेवली पाहिजे आणि कोणाचा जीव घ्यावा हे कोणत्याही यंत्राने कधीही ठरवू नये, असे त्यांनी बजावले. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने या विषयावर काढलेल्या 'अंतिक्वा एत नोवा' या पत्रकातही यंत्राच्या साहाय्याने झालेल्या निर्णयाची जबाबदारी माणसावरच राहते, यावर भर आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना तेरावे लिओ यांचे स्मरण केले. तेरावे लिओ यांनी १८९१ साली यंत्रयुगातील कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक लिहिले होते. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ही तशीच एक औद्योगिक क्रांती असल्याचे नव्या पोपमहोदयांनी सांगितले.

कायदाही याच दिशेने पावले टाकीत आहे. युरोपीय संघात २०१८ पासून नागरिकावर गंभीर परिणाम करणारा निर्णय, काही अपवाद सोडल्यास, केवळ यंत्राने घेऊ नये असा नियम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात येऊ लागलेल्या तेथील नव्या कायद्यात अधिक धोक्याच्या यंत्रणांवर मानवी देखरेखीची तरतूद आहे. आपल्या देशात केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण ठरविले आणि निष्कर्ष, आदेश वा निकाल ठरविण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

आपण काय विचारावे?

आपल्यापैकी अनेकजण शाळा, पतपेढ्या, दवाखाने व सेवाभावी संस्था यांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. आज ना उद्या एखादी कंपनी निर्णयाला साहाय्य करणारी संगणकीय यंत्रणा घेऊन त्यांच्या दारी येईल. अशा वेळी पाच प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न : हे यंत्र कोणाच्या माहितीवर शिकले आहे? शहरातील पगारदारांच्या माहितीवर रचलेले सूत्र मासेमार किंवा बागायतदार कुटुंबाला लावले, तर हंगामी उत्पन्न हा दोष ठरू शकतो.

दुसरा प्रश्न : यंत्र शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे? ते सुचविते, होकाराची वाट पाहते, की नकार न आल्यास पुढे जाते?

तिसरा प्रश्न : होकार देणाऱ्या माणसाला कागद वाचण्याइतका वेळ, विषयाचे ज्ञान आणि नाही म्हणण्याचे बळ आहे का? दिवसाला दोनशे प्रकरणांवर सही करणारा माणूस देखरेख करीत नसतो, शिक्का मारीत असतो.

चौथा प्रश्न : ज्याच्याविषयी निर्णय झाला त्याला कारण कळेल का, आणि दाद कोणाकडे मागता येईल? ते कारण त्याच्या भाषेत असले पाहिजे आणि दाद ऐकणारा हाडामांसाचा असला पाहिजे.

पाचवा प्रश्न : चूक झाल्यास जबाबदार कोण? कंपनी, अधिकारी व मंडळ एकमेकांकडे बोट दाखविणार असतील तर ती यंत्रणा स्वीकारू नये.

हे प्रश्न विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. निर्णय किती गंभीर आहे आणि झालेली चूक सुधारता येईल का, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले. वाचनालयातील पुस्तक कोणाला सुचवावे हे यंत्राने खुशाल ठरवावे. तेथे चूक झाल्यास आपण पुस्तक परत करतो. कोणाचे कर्ज नाकारावे, कोणाचे साहाय्य थांबवावे, कोणाला चोर ठरवावे, अशा ठिकाणी यंत्राचे म्हणणे अवश्य ऐकावे, त्याने दाखविलेल्या आकड्यांचा आदर करावा, आणि त्यानंतर त्या माणसाला समोर बसवून त्याचेही म्हणणे ऐकून घ्यावे. निर्णयाखाली सही करणाऱ्याने तो समजून घेतलेला असावा आणि ज्याच्यावर तो लादला गेला त्याला त्या सहीचा धनी कोण आहे हे माहीत असावे. एवढे जेथे साधेल तेथे संगणक आपला उत्तम मदतनीस होईल, आणि जेथे साधणार नाही तेथे त्याला थोडे थांबवून ठेवण्यात कमीपणा नाही.